दऱ्या, दर्या आणि आठ क्रियापदं

फोन हातात आहेच, तर एक करून बघा. सेटिंग्जमध्ये जा, अगदी तळाला 'फोनविषयी' असतं ते उघडा, त्यात 'कायदेशीर माहिती' शोधा आणि तिथे परवान्यांची जी काही यादी असेल तिच्यावर बोट ठेवा. (कंपनीनुसार शब्द थोडे इकडचे तिकडे असतील. आयफोनवाल्यांनी 'जनरल'मधून जावं.) पान उघडायला जरा वेळ लागेल. मग इंग्रजी मजकूर दिसेल. आता अंगठ्याने खाली सरकवत राहा. शेवट कुठे येतो ते मला कळवा, मला अजून सापडलेला नाही.

तुमच्या खिशातला सगळ्यात जाड ग्रंथ तो हाच. मी वेब डेव्हलपर आहे. असली पानं दुसऱ्यांच्या ॲपमध्ये नेऊन चिकटवणं हा माझ्या नोकरीचा भाग आहे, आणि गेल्या वर्षीपर्यंत मी त्यातलं एकही पान वाचलेलं नव्हतं. समीक्षा पुस्तकाची होते, सिनेमाची होते, हल्ली वेब सिरीजच्या ट्रेलरचीही होते. पण ज्या मजकुराच्या प्रती जवळपास प्रत्येक फोनमध्ये, टीव्हीत आणि वायफायच्या डब्यात पडलेल्या आहेत, त्याला साहित्य म्हणून कुणी वाचत नाही. वकील वाचतात, पण तो सल्ला असतो आणि त्याची फी असते. म्हणून हा प्रयत्न. मला तो करावा लागला त्याचं कारण मात्र एक अर्धा 'र' आहे.

माझ्या गावच्या वाचनालयात जुन्या स्मरणिकांच्या डीटीपीच्या फायली पडून होत्या. युनिकोडच्या आधीच्या काळातल्या, जुन्या फॉन्टमधल्या. त्या फॉन्टची गंमत अशी की कॉम्प्युटरच्या लेखी तो मजकूर रोमन अक्षरांचाच असतो, फॉन्ट त्यावर फक्त देवनागरीचा मुखवटा चढवतो. फॉन्ट नसला की मुखवटा गळतो आणि 'अध्यक्षीय मनोगत'च्या जागी कीबोर्डवरून मांजर चालून गेल्यासारखं काहीतरी दिसतं. शिवाय पहिली वेलांटी दिसते आधी म्हणून तिथे टाइपही आधी झालेली असते. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर यावी लागते. रफाराचं उलट. म्हणजे नुसतं अक्षराला अक्षर लावून भागत नाही, वेलांट्या उचलून योग्य जागी न्याव्या लागतात.

तर हे करणारं एक छोटं साधन मी जावास्क्रिप्टमध्ये लिहिलं. चारेकशे ओळी असतील. वाचनालयात एका मित्राने दिलेला जुना रास्पबेरी पाय होता, पत्त्यांच्या जोडापेक्षा थोडा मोठा. त्यावर रात्रभर फायली लावून ठेवायच्या आणि सकाळी ग्रंथपालकाका चहा घेत घेत निकाल तपासायचे. काम झाल्यावर वाटलं, आणखी कुणाला उपयोग होईल. कोड नेटवर टाकला. तिथे लायसन्सची फाईल असावी लागते असं ऐकून होतो, म्हणून कुठूनतरी एमआयटी लायसन्सचा मजकूर उचलला, चिकटवला आणि झोपलो.

दोन वर्षांनी एका कंपनीकडून मेल आली. ते प्रकाशकांची जुनी पुस्तकं ई-बुक करून देतात, पैसे घेऊन. त्यांच्या ॲपमध्ये माझं साधन बसवलेलं होतं. मेलमध्ये लिहिलं होतं की एका भटकंतीच्या पुस्तकात सह्याद्रीच्या सगळ्या 'दऱ्यां'चा 'दर्या' झाला आहे, आणि दुसऱ्या एका पुस्तकात लग्नाच्या पंगतीत 'आचाऱ्यां'च्या ऐवजी 'आचार्य' जिलब्या तळत आहेत. प्रकाशक संतापले आहेत. तातडीने दुरुस्त करून द्या.

हसू आलं आणि त्याहून जास्त राग आला. माझं साधन विकून हे पैसे मिळवतात, मला विचारलंसुद्धा नाही, आणि वर 'तातडीने'? रागाच्या भरात मी माझीच लायसन्स फाईल उघडली, त्यांना तोंडावर मारायला एखादं वाक्य सापडेल म्हणून. एमआयटी लायसन्स मी पहिल्यांदा वाचलं ते असं.

तो जेमतेम पावणेदोनशे शब्दांचा मजकूर आहे. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात १९८०च्या दशकात तयार झालेला. तीन परिच्छेद. पहिल्या परिच्छेदात ज्याच्या हाती प्रत पडेल त्या कुणालाही, विनामूल्य, आठ गोष्टी करायला मोकळीक दिली आहे: वापरणं, नक्कल करणं, बदलणं, दुसऱ्या कशात मिसळणं, प्रकाशित करणं, वाटणं, पुढे परवाना देणं आणि विकणं. आठवं क्रियापद वाचताना मी थांबलो. विकणं. मी स्वतःच्या हाताने चिकटवलं होतं ते.

दुसरा परिच्छेद एका वाक्याचा आहे आणि त्यात एकच अट: कॉपीराइटची ओळ आणि हा मजकूर प्रत्येक प्रतीसोबत ठेवा. तिसरा परिच्छेद संपूर्ण कॅपिटल अक्षरांत आहे. सॉफ्टवेअर आहे तसं दिलेलं आहे, कसलीही हमी नाही, काही नुकसान झालं तर लिहिणाऱ्याला जबाबदार धरता येणार नाही. सेकंडहँड बाईक विकणारा म्हणतो ना, 'जशी आहे तशी', तेच. हा आरडाओरडा कायद्यामुळे आहे. अमेरिकेच्या व्यापारी कायद्यात हमी नाकारायची असेल तर ती ठळकपणे, नजरेत भरेल अशी नाकारावी लागते. आपल्याकडे हे भाषांतरित करायचं तर पंचाईत. देवनागरीला कॅपिटल अक्षरं नाहीत, आपल्याला लिपीत ओरडता येत नाही. फार तर अधोरेखित करता येतं.

वाचक म्हणून माझ्या एक गोष्ट लक्षात आली ती अशी की या मजकुरात कुठेही 'मी' नाही. 'आम्ही'ही नाही. परवानगी 'दिली जाते', सॉफ्टवेअर 'पुरवलं जातं'. कोण देतं? लेखक दोनच ठिकाणी येतो. एकदा वरच्या कॉपीराइटच्या ओळीत, आणि नंतर थेट शेवटी, जबाबदारी झटकायला. मधल्या सगळ्या औदार्यात तो नाही. दारात सामान ठेवून बेल वाजवून पळून गेलेल्या माणसासारखं हे लेखन आहे. त्यात एक प्रकारचा प्रामाणिकपणा आहे, हे मान्य. मी तुझा कुणी नाही, तू माझा कुणी नाहीस, वस्तू हवी तर घे. पण मेल लिहिणाऱ्या त्या कंपनीला हे माहीत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही नव्हतं. त्यांना वाटत होतं मी जबाबदार आहे. मला वाटत होतं ते कृतज्ञ असायला हवेत. आमच्यात झालेल्या एकमेव करारात दोन्ही गोष्टींना जागाच नव्हती.

हे सगळं मी त्या रास्पबेरी पायवाल्या मित्राला सांगितलं. तो सर्व्हर सांभाळतो आणि दाढी वाढवतो. टपरीवर त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तू दानपत्र लिहून दिलंस आणि आता भाडं मागतोयस."

"मग काय लिहायला हवं होतं?"

"जीपीएल."

या माणसाचं कुठल्याही प्रश्नाला उत्तर जीपीएल असतं. पण त्या दिवशी घरी जाऊन मी ते वाचलं, आणि हे वाचन वेगळं निघालं.

जीपीएलमागची गोष्ट एका प्रिंटरची आहे. १९८०च्या सुमारास रिचर्ड स्टॉलमन एमआयटीच्या एआय लॅबमध्ये प्रोग्रामर होता. जुन्या प्रिंटरमध्ये कागद अडकला की रांगेतल्या सगळ्यांना तसा निरोप जाईल अशी सोय त्याने प्रोग्राममध्ये केली होती. मग झेरॉक्सचा नवा लेझर प्रिंटर आला, पण त्याचा सोर्स कोड मिळेना. दुसऱ्या एका विद्यापीठात तो कोड एकाकडे होता. स्टॉलमन समक्ष जाऊन भेटला तर तो म्हणाला, देणार नाही, तसं वचन दिलेलं आहे. अडकलेला कागद आणि दिलेला शब्द, एवढंच. पण स्टॉलमनने ते मनाला लावून घेतलं. १९८३मध्ये जीएनयू प्रकल्प जाहीर केला, १९८९मध्ये जीपीएलची पहिली आवृत्ती काढली, १९९१मध्ये दुसरी. तुमचा फोन अँड्रॉइडचा असेल तर त्याच्या गाभ्यातल्या लिनक्सवर आजही ही दुसरी आवृत्ती लागू आहे.

जीपीएलला प्रास्ताविक आहे, राज्यघटनेला उद्देशिका असावी तसं. त्यात 'आम्ही' आहे आणि 'तुम्ही' आहे. बहुतेक लायसन्सं तुमचं स्वातंत्र्य काढून घेण्यासाठी लिहिलेली असतात आणि हे त्याच्या उलट आहे, अशी सरळ भांडणाची सुरुवात आहे. मग युक्ती येते: मी माझा हक्क सोडत नाही, उलट हक्क घट्ट धरून त्याच्याच जोरावर तुम्हाला सांगतो, की हे बदलून पुढे दिलंत तर सोर्स कोडही द्या आणि याच अटींवर द्या. तुम्हाला जे मिळालं ते तुमच्या पुढच्यालाही मिळालं पाहिजे. आपल्याकडच्या फिरत्या भिशीसारखं नव्हे, भिशी आपला नंबर लागला की आपल्यापुरती संपते. हे बियाण्यासारखं आहे. घेतलंस तर पेर, पण उगवलेलं कुलूप लावून ठेवू नकोस.

कायद्याच्या या मजकुरात विनोदही आहे. दुसऱ्या आवृत्तीच्या शेवटी एक नमुना दिलाय: नोकरी करत असाल तर तुमच्या मालकाकडून हक्कसोडीचा कागद कसा लिहून घ्यावा. त्या नमुन्यातल्या कंपनीचं नाव योयोडाइन. ते टॉमस पिंचनच्या कादंबऱ्यांतल्या काल्पनिक कंपनीचं नाव आहे. सही करणाऱ्याचं नाव टाय कून. सलग म्हणून बघा. त्याचं पद प्रेसिडेंट ऑफ व्हाइस, म्हणजे उपाध्यक्षाची उलटापालट करून झालेला दुर्गुणांचा अध्यक्ष. तारीख १ एप्रिल १९८९. जगातल्या बड्या बड्या कंपन्यांच्या वकिलांनी हे पान गंभीर चेहऱ्याने फायलीला लावलं असणार, याचा मला फार आनंद झाला. ज्या मजकुरात थट्टा करायला जागा असते त्याच्यामागे माणूस असतो.

पण कौतुक इथवरच. जीपीएल बोलघेवडं आहे. २००७ची तिसरी आवृत्ती पाच हजार शब्दांच्या वर गेली. प्रत्येक पळवाट दिसली की तिथे एक भिंत, आणि भिंतीवर एक प्रवचन. आणि त्यातली एक विसंगती मला आजही खटकते. सगळं बदलायची मोकळीक देणारा हा मजकूर सुरुवातीलाच बजावतो की या दस्तऐवजाच्या जशाच्या तशा प्रती कुणीही काढाव्यात, त्यात बदल मात्र करू नये. कारण समजतं. प्रत्येकाने आपापलं जीपीएल केलं तर गोंधळ होईल. पण शेवटी मुक्तीची पोथी तेवढी सोवळ्यात राहते.

दुसरी गोष्ट त्या मित्रानेच, थोडं नाइलाजाने, कबूल केली. साधन ॲपमध्ये घालून लोकांच्या हाती दिलं तर जीपीएलची अट लागू होते. तेच साधन कंपनीने आपल्या सर्व्हरवर ठेवलं आणि ग्राहकाला फक्त रूपांतरित मजकूर पाठवला, तर 'वाटप' झालंच नाही. म्हणजे अटही नाही. त्यासाठी एजीपीएल नावाचं वेगळं लायसन्स काढावं लागलं. क्लाउड कंपन्यांवर रागावून २०१८मध्ये मोंगोडीबीने, २०२१मध्ये इलॅस्टिकने आणि २०२४मध्ये रेडिसने लायसन्सं बदलली, ती भांडणंही मुळात हीच. तो सगळा मजकूर मी वाचला. त्यात राग आहे, पण साहित्य नाही.

इथे भाषेचा एक मुद्दा मधेच सांगून टाकतो. इंग्रजीत 'फ्री' या एकाच शब्दात मुक्त आणि मोफत दोन्ही बसतात, आणि स्टॉलमनचं अर्धं आयुष्य हा घोळ निस्तरण्यात गेलं. आपल्याकडे घोळ व्हायचं काही कारणच नव्हतं. मुक्त वेगळा, मोफत वेगळा, आणि त्याखाली 'फुकट' हा खास शब्द आहे, ज्यात घेणाऱ्याविषयीचा तिरस्कार आणि वस्तूविषयीची शंका दोन्ही आहेत. तरीही आपल्या इंजिनीअरिंग कॉलेजांपासून ऑफिसांपर्यंत सगळीकडे मी ऐकलंय ते 'फ्री आहे, घेऊन टाक'. आपल्याकडे शब्द होते, आपण ते वापरले नाहीत. माझ्या साधनालाही मी 'मोफत' म्हणूनच जाहीर केलं होतं.

परवाने कुणीच वाचत नाही असं मी वर म्हटलं, त्याला एक मोठा अपवाद आहे. वेबवर काम करणाऱ्यांना रिॲक्ट माहीत असेल, फेसबुकने २०१३मध्ये खुलं केलेलं साधन. त्याच्यासोबत नंतर बीएसडी लायसन्स असायचं आणि शेजारी 'पेटंट्स' नावाची एक वेगळी छोटी फाईल. तिचा मथितार्थ असा, की तुम्ही फेसबुकवर पेटंटचा दावा ठोकलात तर तुम्हाला दिलेली पेटंटची परवानगी संपली. काही वर्षं लाखो लोक ते साधन वापरत होते आणि ती फाईल तिथेच होती. जुलै २०१७मध्ये अपाची फाउंडेशनने आपल्या प्रकल्पांना हे लायसन्स चालणार नाही असं सांगितलं आणि अचानक सगळे वाचायला लागले. सप्टेंबरमध्ये वर्डप्रेसच्या मॅट मलनवेगने आपण रिॲक्ट सोडतोय असं जाहीर केलं. त्यानंतर आठवडाभरात फेसबुकने माघार घेतली, आणि रिॲक्टची सोळावी आवृत्ती एमआयटी लायसन्सवर आली. एका परिशिष्टावर एवढी चर्चा झालेली दुसरी साहित्यकृती मला तरी आठवत नाही. आणि गंमत बघा, वादाचा शेवट त्या 'मी' नसलेल्या मजकुरावर झाला. नाती नकोत म्हणणारं लायसन्स सगळ्यांना सुटसुटीत वाटलं.

नाती सोडा, नीती आणायचाही एकाने प्रयत्न केला. तुमचा फोन आत्ता कुठल्या ना कुठल्या सर्व्हरशी जेसन नावाच्या मांडणीत बोलतो आहे. ती लोकांपुढे आणणारा डग्लस क्रॉकफर्ड. त्याने आपल्या कोडसाठी एमआयटीचाच मजकूर घेतला आणि २००२मध्ये त्यात एक वाक्य वाढवलं: हे सॉफ्टवेअर चांगल्यासाठी वापरावं, वाईटासाठी नव्हे. अमेरिकेत तेव्हा 'दुष्टांविरुद्धच्या युद्धा'चं वातावरण होतं, आणि आपणही हातभार लावावा असं वाटलं, असं तो मिश्कीलपणे सांगतो. पुढे एका मोठ्या कंपनीच्या वकिलांनी त्याला लिहिलं, की आम्ही वाईट काही करणार नाही, पण आमच्या ग्राहकांची खात्री देता येत नाही. तेव्हा त्याने त्या कंपनीला, तिच्या ग्राहकांना आणि हुजऱ्यांना वाईटासाठी वापरायची लेखी परवानगी देऊन टाकली.

हे वाक्य मला या सगळ्या वाङ्मयातलं सर्वात चांगलं आणि सर्वात निरुपयोगी वाक्य वाटतं. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने या लायसन्सला मुक्त मानलं नाही. अपाचीने २०१६मध्ये त्यावर बंदी घातली. कारणं बिनतोड आहेत: चांगलं कोणी ठरवायचं? पण मला वाटतं अडचण निराळी आहे. बाकीची लायसन्सं वाचणाऱ्याला काय करता येईल ते सांगतात. हे एकच वाक्य त्याला विचारतं, तू काय करणार आहेस? असल्या प्रश्नाला कुठल्याही कंपनीच्या फॉर्ममध्ये रकाना नसतो.

आता वाचनालयातल्या त्या पायकडे पुन्हा येतो. रास्पबेरी पाय २९ फेब्रुवारी २०१२ला ३५ डॉलरला बाजारात आला. मुलांनी प्रोग्रामिंग करावं म्हणून केंब्रिजमध्ये बनवलेला छोटा कॉम्प्युटर. २०१५च्या नोव्हेंबरमध्ये त्यांनी पाच डॉलरचा 'झीरो' काढला आणि आपल्या 'मॅगपाय' मासिकाच्या मुखपृष्ठावर चिकटवून फुकट दिला. मासिकावर चक्क कॉम्प्युटर. आपल्या दिवाळी अंकांसोबत आजवर मला मिळालेली सर्वात भारी भेट म्हणजे उटण्याची पुडी. पण एवढ्या मोकळ्याढाकळ्या यंत्रातही कुलपं आहेत. पाय चालू केला की आधी त्याचा ग्राफिक्सचा भाग जागा होतो, आणि त्याला जागं करणाऱ्या फाईलचा सोर्स कोड जाहीर नाही. सुरुवातीच्या पायवर एमपेग-२ प्रकारचा व्हिडिओ हार्डवेअरच्या मदतीने बघायचा तर वेगळा परवाना विकत घ्यावा लागे, २ पौंड ४० पेन्सचा. तो म्हणजे तुमच्या बोर्डाच्या अनुक्रमांकाला जोडलेली एक किल्ली, काही अक्षरं आणि काही आकडे. फाईलमध्ये टाका, व्हिडिओ सुरू. वाचण्यासारखं त्यात काही नाही. हा परवाना माणसाशी बोलतच नाही, बोर्डाशी बोलतो. आमच्या पायचा मालक त्या परवान्याच्या लेखी एक अनुक्रमांक होता. एमआयटीचं 'कुणीही' त्यापुढे मायाळू वाटायला लागतं.

मग मेलचं काय झालं?

नऊ दिवस मी उत्तर दिलं नाही. मनात तयार केलेली उत्तरं बरीच होती. एकात मी त्यांना तिसरा परिच्छेद कॅपिटल अक्षरांसकट पाठवणार होतो. दुसऱ्यात साधन नेटवरून काढूनच टाकणार होतो. असं झालेलं आहे. मार्च २०१६मध्ये एका प्रोग्रामरने एका कंपनीशी नावावरून बिनसल्यावर आपली २७३ पॅकेजेस एनपीएमवरून काढून घेतली. त्यात 'लेफ्ट-पॅड' होतं, शब्दाच्या डावीकडे रिकाम्या जागा भरणारं, अकरा ओळींचं. त्यावर अवलंबून असलेले प्रकल्प जगभर कोसळले आणि एनपीएमने ते पॅकेज परस्पर परत लावलं. त्याला विचारलं नाही, कारण विचारायची गरजच नव्हती. त्याचं लायसन्स एमआयटीहूनही सैल, शिवराळ नावाचं होतं. तुम्हाला जे काय करायचं ते करा, एवढाच त्याचा सारांश. लोकांनी तसंच केलं. माझंही तेच झालं असतं. दिलेली आठ क्रियापदं परत घेता येत नाहीत. पुढची आवृत्ती जीपीएलवर काढता येईल, पण जे गेलं ते गेलं.

दहाव्या दिवशी निमित्त वेगळंच झालं. ग्रंथपालकाकांचा फोन आला. "अरे, ते १९९८च्या स्मरणिकेत 'वाऱ्यावरची' असं असायला हवं ना? इथे 'वार्यावरची' दिसतंय. माझीच नजर चुकली तेव्हा." म्हणजे चूक आमच्या वाचनालयातही होती, पहिल्या दिवसापासून. जुन्या फॉन्टमध्ये रफारासाठी एक कळ होती आणि 'ऱ्य', 'ऱ्ह'मधल्या कोयरीसारख्या अर्ध्या 'र'साठी दुसरी. युनिकोडमध्ये त्यासाठी 'ऱ' हे वेगळं अक्षर आहे. मी कंटाळा करून दोन्ही कळा एकाच 'र'ला जोडल्या होत्या, चालतंय की म्हणून. मराठी माणसाने मराठीसाठी लिहिलेल्या साधनात, जो फरक मराठीत अर्थ बदलतो नेमका तोच गाळला होता. दुरुस्ती एका ओळीची होती. दहा मिनिटं लागली.

कंपनीला दोन ओळींचं उत्तर पाठवलं आणि शेवटी, जरा खवचटपणे, विचारलं की लायसन्सप्रमाणे माझं नाव ॲपमध्ये ठेवलंय ना? ती एकच तर अट होती. ती हलकी नाही, हे मी तोवर वाचलं होतं. खेळण्यातल्या आगगाड्या चालवायच्या एका खुल्या सॉफ्टवेअरमधल्या फायली लेखकांची नावं काढून वापरल्या म्हणून अमेरिकेत खटला झाला होता, आणि २००८मध्ये अपील कोर्टाने सांगितलं होतं की खुल्या लायसन्सच्या अटी पाळल्या नाहीत तर तो कॉपीराइटचा भंग ठरू शकतो. मी तयारीत होतो.

उत्तर तासाभरात आलं. लिहिणारी मुलगी नुकतीच नोकरीला लागलेली असावी. "नमस्कार सर, खूप खूप धन्यवाद. लायसन्स आम्ही शब्दशः ठेवलं आहे, स्क्रीनशॉट जोडते. त्यात नाव नव्हतं, त्यामुळे तुम्हाला शोधायला मला आठवडा लागला. कुठल्यातरी वाचनालयाच्या पानावर तुमचा ईमेल सापडला."

स्क्रीनशॉट मोठा करून पाहिला. सगळ्यात वर कॉपीराइटची ओळ होती. पुढे चौकटी कंसात 'वर्ष' आणि चौकटी कंसात 'पूर्ण नाव', इंग्रजीत, मूळ नमुन्यात असतं तसंच. मी तो मजकूर चिकटवताना रिकाम्या जागा भरल्याच नव्हत्या. त्यांनी अट तंतोतंत पाळली होती.

माझ्याकडची फाईल मी त्याच रात्री दुरुस्त केली. वर्ष कोणतं घालावं, साधन लिहिलं ते की वाचलं ते, यावर थोडा वेळ अडलो. महिनाभराने त्यांच्या ॲपची नवी आवृत्ती आली. त्यात दऱ्या आल्या आहेत, आचारी पंगतीत परत आले आहेत. कायदेशीर माहितीच्या पानावर कंस अजून तसेच आहेत.